वाचकांचे प्रश्न : फ्रेममधलं फुलपाखरू, बरणीतली अळी

मागच्या अंकात मी केनियातल्या मुंग्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. २०२५ साली नैवाशाजवळ बेल्जियमची एकोणीस वर्षांची दोन पोरं पकडली गेली, त्यांच्याकडे कापूस घातलेल्या टेस्ट ट्यूबांमध्ये जवळपास ५,००० राणी मुंग्या होत्या, परदेशात हौशी लोक काचेच्या पेटीत मुंग्या पाळतात त्यांच्या बाजारात अशा राण्यांना भाव असतो, आणि कोर्टानं दोघांना प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड नाहीतर १२ महिने कैद अशी शिक्षा दिली. बस एवढंच. पण त्यावर जेवढी पत्रं नि मेसेज आले तेवढे या सदराला कधी आले नव्हते. काही म्हणतात मुंग्यांसाठी कसली शिक्षा, आम्ही रोज ओट्यावर मुंग्यांचा खडू ओढतो. काही म्हणतात किडा-मुंगी पकडणाऱ्या प्रत्येकालाच आत टाका, कॉलेजच्या पोरांना पण सोडू नका.

मुंग्यांचं आधी सांगून टाकतो. मिलन झालेली एक राणी म्हणजे एक अख्खं वारूळ. कामकरी मुंग्या हजार मेल्या तरी राणी भर काढते, पण राणीच उचलली की पुढचं वारूळ तयारच होत नाही, आणि त्या जातीच्या मुंग्या गवताचं बी गोळा करून रानभर पसरवतात. म्हणून ५,००० हा आकडा दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं आणि तरुणपणी जाळी घेऊन फिरलोय सुद्धा, हे आधी माहीत असू द्या म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभा राहून बोलतोय ते कळेल. आता एकेक पत्र घेतो.

सर, मिस्टर ऑफिसच्या ट्रिपला बँकॉकला गेले होते, येताना काचेच्या फ्रेममधली पाच फुलपाखरं घेऊन आले. फार सुंदर आहेत, एक काळं-पिवळं तर माझ्या तळहाताएवढं आहे. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर भाचीनं सगळ्यांसमोर सुनावलं की मामी हा गुन्हा आहे. दुकानदारानं तर सांगितलं होतं की ही आपोआप मेलेली फुलपाखरं आहेत. आता फ्रेम ठेवू की टाकून देऊ? – एक गृहिणी, सांगली

ताई, भाचीचा राग खरा आहे, ग्रुपवर बोलायला नको होतं एवढंच. तिला घरी बोलवा आणि दोघी मिळून एक करा. फ्रेम खिडकीपाशी न्या आणि पंखांच्या कडा नीट बघा. अंगणात महिनाभर जगलेलं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेलच, त्याच्या कडा झिजलेल्या असतात, मागच्या पंखाची शेपटी तुटलेली असते, कुठेतरी पक्ष्यानं चोच मारल्याचा त्रिकोणी तुकडा गेलेला असतो, आणि रंग विटलेला असतो कारण आपल्या बोटाला लागते ती भुकटी म्हणजे पंखावरचे खवले, ते एकदा झडले की परत येत नाहीत. तुमच्या फ्रेममधल्या पाचही जणांच्या कडा शाबूत असतील, रंग कोरा करकरीत असेल, तर ती म्हातारी होऊन मेलेली नाहीत. कोषातून बाहेर आली, पंख वाळले आणि लगेच मारली. या धंद्यात पंखाला ओरखडा आला की किंमत उतरते, म्हणून तसाच माल लागतो. 'आपोआप मेलेली' हे गिऱ्हाइकाच्या मनाला बरं वाटावं म्हणून म्हणतात.

पण म्हणून हा सगळा धंदाच पापाचा आहे असं मी म्हणणार नाही, कारण असा शाबूत माल बऱ्याचदा पाळलेला असतो. पापुआ न्यू गिनीत बुलोलो गावी १९७८ पासून सरकारी एजन्सी आहे, तिथले शेतकरी परसात आणि रानाच्या कडेला फुलपाखरांच्या वेली लावतात, रानातल्या माद्या येऊन अंडी घालतात, कोष झाले की काही गोळा करायचे आणि काही उडून जाऊ द्यायचे, एजन्सी ते गावकऱ्यांकडून घेऊन परदेशात विकते. ज्याच्या घरात फुलपाखराचे पैसे येतात तो माणूस शेजारचं रान तोडायला निघाला तर दोनदा विचार करतो. केनियात अराबुको-सोकोके जंगलाभोवतीच्या गावांत १९९३ पासून असंच चाललंय, तिथून जिवंत कोष परदेशातल्या बटरफ्लाय पार्कांना जातात, प्रकल्पाचं नाव किपेपिओ, म्हणजे स्वाहिलीत फुलपाखरूच.

मग काळजी कशाची? तुमच्या त्या तळहाताएवढ्याची. काळं-पिवळं आणि एवढं मोठं म्हणजे बर्डविंग असायची शक्यता आहे, आपल्या सह्याद्रीत दिसतं त्या सदर्न बर्डविंगचे भाऊबंद. बर्डविंगच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणजे पाळलेलं असो की रानातलं, देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. आणि त्यातली सगळ्यात मोठी, क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग, जिच्या मादीचे पंख पाव मीटरपर्यंत पसरतात, तिचा व्यापार पूर्ण बंद आहे. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९०६ साली एका युरोपियन कलेक्टरनं ती पहिल्यांदा मिळवली तेव्हा ती इतकी उंच उडत होती की त्यानं चक्क बंदुकीनं पाडली. पापुआ न्यू गिनीच्या एका प्रांतातच ती आहे, १९५१ मध्ये तिथला ज्वालामुखी फुटला त्यात तिचं बरंच रान गेलं, उरलेल्यात पाम तेलाचे मळे घुसले. आणि जशी ती कमी झाली तसा तिचा भाव चढला. दुर्मिळ म्हणून भाव आणि भाव म्हणून आणखी दुर्मिळ, हे चाक एकदा फिरायला लागलं की थांबवणं फार कठीण. हिसायोशी कोजिमा नावाचा जपानी व्यापारी असली फुलपाखरं अमेरिकेत पाठवायचा, तिथल्या वन्यजीव खात्याच्या माणसानं गिऱ्हाईक बनून तीनेक वर्षं त्याचा माग काढला, २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तो सापडला आणि पुढच्या वर्षी त्याला २१ महिने कैद झाली.

तेव्हा मिस्टरांना विचारा, बिलावर शास्त्रीय नाव आहे का, परवान्याचा कागद दिला होता का. फ्रेमचा साफ फोटो जवळच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवून जात ओळखून घ्या, बर्डविंग निघालं तर वनखात्याला स्वतःहून सांगा. विकू नका, कुणाला भेट देऊ नका. कचऱ्यात तर मुळीच टाकू नका, टाकून काय साधणार, त्यांचा जीव गेलाय तो गेलाय. पुढच्या ट्रिपला आणू नका म्हणावं, एवढं झालं तरी पुष्कळ.

सर मी बीएस्सी अॅग्रीला आहे. प्रॅक्टिकलसाठी कीटकांची पेटी करून द्यावी लागते. जाळी घेऊन बांधावर गेलो तर शेजारच्या आजी म्हणाल्या मुक्या जिवाचा तळतळाट लागेल, आई किडे मारायची बरणी घरात ठेवू देत नाही, आणि खरं सांगू का मला पण मारताना कसंतरीच होतं. सरांना बोललो तर म्हणाले मार्क पाहिजेत ना मग कर. मी चूक करतोय का? – एक विद्यार्थी, अहिल्यानगर जिल्हा

तुला कसंतरी होतं हे फार चांगलं आहे, ते जाऊ देऊ नकोस. मला पण झालं होतं. मी तेव्हा १९ वर्षांचा, बरणीच्या तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून त्यावर इथाइल अॅसिटेट टाकलेलं, त्याचा तो नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, आणि आत पहिलं गेलेलं फुलपाखरू हळदीकुंकू नावाचं. ते काचेवर पंख आपटत राहिलं आणि मी बघत राहिलो, दोनेक मिनिटं असतील पण मला खूप वेळ वाटला. नंतर थर्माकोलच्या खाचेत बसवलं, कागदाच्या पट्ट्यांनी पंख ताणले, टाचणी जरा तिरकीच गेली. पेटीत डांबर गोळी ठेवायची राहिली. पुढच्या पावसाळ्यात पेटी उघडली तर टाचणीखाली तपकिरी भुकटी आणि एक पंख, बाकी सगळं बारीक भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी खाल्लेलं. आणि लेबलही नव्हतं. कुठे पकडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या झाडावर, काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मी तो जीव घेतला तो कुणाच्याही कामी आला नाही. हे मला आजही लागतं, आणि माझा सगळा मुद्दा त्या लेबलात आहे.

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे (बीएनएचएस) कीटकांचा जुना संग्रह आहे, तिथल्या एकेका टाचणीखाली बोटाच्या पेराएवढा कागद, त्यावर गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. त्या कागदामुळे कळतं की आज जिथे वस्ती आहे तिथे कधीकाळी काय उडत होतं. भूतानचं लुडलोज भूतान ग्लोरी घे, १९३०च्या दशकात दोन ब्रिटिशांनी तिथे काही नमुने गोळा केले, मग पाऊणशे वर्षं ते कुणालाच दिसलं नाही, २००९ मध्ये पुन्हा सापडलं तेव्हा हे तेच असं खात्रीनं कशावरून म्हणायचं, तर म्युझियममधल्या त्या नमुन्यांवरून. आणि तुझ्या शेतीतलं बघ. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा सापडली. ती आपली नेहमीची लष्करी अळी नाही हे कुणीतरी अळ्या गोळा करून, पतंग वाढवून, बारकाईनं तपासूनच ओळखलं. नुसत्या मोबाईलच्या फोटोवर प्रत्येक वेळी भागत नाही. म्हणजे कीटक मारून ठेवण्याला कारण असू शकतं. पेटी भरायची आहे आणि मार्क मिळवायचेत, एवढंच कारण पुरेसं नाही, तुझ्या सरांनी तुला हे समजावून सांगायला हवं होतं.

आता करायचं काय. जाळी घेऊन फुलपाखरांमागे धावू नकोस. पहाटे रस्त्यावरच्या दिव्यांखाली जा, पहिल्या पावसानंतर तर खच पडलेला असतो, भुंगेरे, पतंग, नाकतोडे, निम्मे आपोआप मेलेले. शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर ओढणारे) नि प्रकाश सापळे लावलेले असतील तर त्यातले घे, ते तसेही मरणारच आहेत आणि तुला परीक्षेत किडीच ओळखायच्यात. जातीचा एकच नमुना घे. वर्गानं मिळून एक चांगली पेटी केली तर चाळीस पेट्या लागणार नाहीत, हे सरांना लिहून द्या सगळ्यांच्या सह्यांनी, मी असतो तर ऐकलं असतं.

कायदा पण समजून घे. अभयारण्यात नि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय साधा भुंगेरा पण उचलता येत नाही. बाहेर सुद्धा १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात बरीच फुलपाखरं आहेत आणि ती सगळी दुर्गम रानातली नाहीत, क्रिमझन रोज हे शहरातल्या बागेत दिसणारं फुलपाखरू वर्षानुवर्षं पहिल्या परिशिष्टात होतं, वाघाच्या रांगेत. ओळखता येत नसेल तर पकडूच नको, हा सोपा नियम. 'शास्त्रासाठी' म्हटलं की सगळं माफ होत नाही. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळ सिंगालिला राष्ट्रीय उद्यानात चेक प्रजासत्ताकातले दोन कीटक-अभ्यासक विनापरवाना कीटक गोळा करताना पकडले गेले, एकाला २०,००० रुपये दंड झाला, दुसऱ्याला तीन वर्षांची शिक्षा झाली आणि तो जामिनावर असताना देश सोडून गेला. तेव्हा परदेशातल्या कितीतरी शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूनं सह्या केल्या की किडे गोळा करणं हा काय गुन्हा, आणि आपल्याकडे लोक म्हणाले की शंभर-दीडशे वर्षं इथलं सगळं उचलून नेलं ते पुरलं नाही का. मला दोन्हीकडचा राग समजतो, पण परवानगी मागायलाच हवी होती. श्रीलंकेत तर 'याला' नावाच्या राष्ट्रीय उद्यानात २०२० मध्ये पकडलेल्या इटालियन बापलेकाला २०२४ मध्ये ६ कोटी श्रीलंकन रुपये दंड झाला, त्यांच्या बाटल्यांत ९२ जातींचे किडे होते.

आजींना उलट बोलू नकोस. तळतळाट हा शब्द त्यांनी मायेनं वापरलाय. त्यांना पेटी दाखव, त्यांच्या शेतातली कोणती अळी पुढे कोणता पतंग होते ते दाखव. बऱ्याच गोष्टी त्याच तुला सांगतील.

एका पैठणीत हजारो रेशीमकिडे उकळून मरतात. आमच्याकडे तुतीची शेती आहे, जालन्याला कोष विकतो. तेव्हा कुणी काही म्हणत नाही. मग फुलपाखरांचाच एवढा कळवळा का? – एक शेतकरी, जालना जिल्हा

दादा, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. कोष आख्खा राहावा, सलग धागा निघावा, एका कोषातून हजार मीटरच्या आसपास, म्हणून आतला जीव बाहेर यायच्या आधी मारावा लागतो. जीव घेणं म्हणून बघितलं तर फ्रेममधलं फुलपाखरू आणि तुमचा कोष यात फरक नाही, आणि ज्याला ते पटत नाही त्यानं रेशीम नेसू नये, तो त्याचा निर्णय, मी त्याचा आदर करतो.

पण जीव जाणं आणि जात संपणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते सारखे एकात एक गुंतवतो. तुमचा रेशीमकिडा हजारो वर्षं पाळून असा झालाय की त्याच्या पतंगाला धड उडता येत नाही, तोंडानं काही खाता येत नाही, रानात तो नाहीच, तुम्ही तुती लावताय म्हणूनच तो आहे. तुमच्या धंद्यानं त्याची जात संपणार नाही. रानातलं दुर्मिळ फुलपाखरू कुणी लावलेलं नसतं. एक मादी शंभर-दोनशे अंडी घालते, त्यातली पक्षी, कोळी, गांधीलमाशा यांच्यातून वाचून दोन-चार उडतात, त्यामुळे नेहमीच्या फुलपाखरांतली चार पोरांनी पकडली तर काहीच बिघडत नाही. पण एका डोंगरावर, एका वेलीवर जगणारी जात असेल आणि तिचे पैसे मिळतात हे बाहेर कळलं, तर बिघडतं. आणि वेलच तोडली तर कुणी न पकडता सगळं संपतं. हे शेवटचं सगळ्यात जास्त घडतं आणि त्यावर सगळ्यात कमी लोक चिडतात.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलीला वाढदिवसाला फुलपाखराची जाळी दिली. पार्कमध्ये दोन म्हाताऱ्या बायांनी आमच्याकडे असं बघितलं की जसं काही आम्ही चोर. इथल्याच लोकांनी जगभरची फुलपाखरं पकडून नेली ना? – एक आई, ब्रिस्टल

नेली खरीच. लॉर्ड रॉथशिल्डच्या एकट्याच्या संग्रहात वीस लाखांवर फुलपाखरं नि पतंग होते, तो १९३७ मध्ये गेला तेव्हा ते ब्रिटिश म्युझियमला मिळाले. आल्फ्रेड रसेल वॉलेससारखा मोठा निसर्गशास्त्रज्ञ मलायाच्या बेटांवर आठ वर्षं फिरला तो लंडनच्या एजंटमार्फत पक्षी नि किडे विकून. त्या काळी तिथे जाळी हातात असणं हे शिकल्या-सवरल्या घरचं लक्षण होतं. आता त्याच देशात जाळीकडे संशयानं बघतात. दोन पिढ्यांत लोकांचं मन इतकं पालटलं, मला तर यात आशेची गोष्ट दिसते.

पण तुमच्या जवळच घडलेली एक हकीकत सांगतो. लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू. त्याची अळी आधी थाइम नावाची रानवनस्पती खाते, मग स्वतःला खाली पाडून घेते, एका विशिष्ट जातीची लाल मुंगी तिला आपलं पिल्लू समजून वारुळात नेते आणि ती आत बसून मुंग्यांची पिल्लं खात मोठी होते. ही फुलपाखरं कमी व्हायला लागली तेव्हा सगळ्यांनी कलेक्टर लोकांना दोष दिला. त्यांना अडवायला काही ठिकाणी कुंपणं घातली. कुंपणामुळे गुरं-मेंढ्या पण आत जायच्या थांबल्या, गवत वाढलं, जमीन सावलीत गार पडली, त्या मुंग्यांना ऊब लागते त्या निघून गेल्या, आणि फुलपाखरू कुंपणाच्या आत संपलं. १९७९ मध्ये ते ब्रिटनमधून नामशेष झालं. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं गवतात पालथं पडून हा मुंग्यांचा उलगडा केला, पण तोवर उशीर झाला होता. मग १९८३ पासून स्वीडनहून आणून पुन्हा सोडलं, मेंढ्या परत चारायला लागले, आणि आता तुमच्या शेजारच्या ग्लॉस्टरशायर-सॉमरसेटच्या टेकड्यांवर ते उडतं. म्हणजे कलेक्टर निर्दोष का? तसंही नाही. तिथेच एकानं दोन लार्ज ब्लू पकडून मारले, २०१७ मध्ये त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली, तहकूब ठेवलेली. इतक्या कष्टानं परत आणलेल्या फुलपाखरांपैकी दोन सुद्धा जास्तच.

मुलीला जाळी वापरू द्या. घराच्या बागेत, रोजचं पांढरं फुलपाखरू, जाळीतून पारदर्शक डबीत, दोन मिनिटं बघायचं नि सोडायचं. पंखाला बोट लावायचं नाही. त्या बायांना पुढच्या वेळी डबी दाखवा.

सर गावात व्हिडिओ फिरतोय की स्टॅग बीटल लाखो रुपयांना जातो. पोरं रानातली कुजकी खोडं फोडतायत. एक माणूस नंबर देऊन गेला, म्हणतो मोठा मिळाला तर फोटो पाठवा. – एक निवृत्त शिक्षक, सिंधुदुर्ग

गुरुजी, पोरांना आजच थांबवा. मांडूळ सापाचं झालं तेच हे. लाखो देणारा माणूस गावात कुणी कधी पाहिलेला नसतो, मधला सांगतो वजन कमी भरलं, लांबी कमी भरली, आणि पकडला जातो तो खोड फोडणारा पोरगा. जपानमध्ये पोरं उन्हाळ्यात भुंगेरे पाळतात, हौशी लोक मोठ्या जबड्याच्या स्टॅग बीटलला चांगले पैसे मोजतात, तिथे बाजार आहे हे खरं, पण तिथले पुष्कळ भुंगेरे फार्मवर वाढवलेले असतात. आपल्याकडून चोरून पाठवलेला भुंगेरा पार्सलमध्येच मरू शकतो. आणि एक खोड फोडलं की नुकसान एका भुंगेऱ्याचं होत नाही, त्याच्या अळ्या कुजक्या लाकडात कितीतरी महिने, काही जातींच्या काही वर्षं वाढत असतात, त्या सगळ्या उघड्या पडतात. तो नंबर वनखात्याला द्या, त्यांची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

आम्ही लहानपणी काडेपेटीत बाभळीचा पाला घालून सोनकिडा ठेवायचो, त्या हिरव्या चमकत्या पाठीसाठी. त्या पाठीचाही एके काळी मोठा धंदा होता, भारतातून हे पंख इंग्लंडला जायचे, कापडावर टिकल्यांसारखे शिवायला. १८८८ मध्ये एलेन टेरी या नटीनं लेडी मॅकबेथच्या भूमिकेत घातलेल्या झग्यावर असे सुमारे हजार पंख होते, तो झगा अजून जपून ठेवलाय. तुमच्या पोरांना हे सांगा, म्हणजे त्यांना कळेल की आपल्या रानातल्या किड्यावर बाहेरच्यांचा डोळा आजचा नाही.

लग्नात अक्षतांच्या वेळी शंभर फुलपाखरं सोडायचं पॅकेज इव्हेंटवाला देतोय. करावं का? – एक नवरी, पुणे

नको गं. ती पाकिटात घालून गार करून आणतात, म्हणजे हलत नाहीत. हॉलच्या एसीत ती उडत नाहीत, खाली पडतात, आणि वरातीच्या पायाखाली जातात. कुठली जात, कुठून आणली, कोणता रोग घेऊन आली हे त्याला पण माहीत नसतं. परवाना दाखव म्हण, मग पॅकेजचा विषय बहुतेक तिथेच संपेल. पैसे वाचतील त्यात पाहुण्यांना लिंबाची नि कढीपत्त्याची रोपं दे, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, आपलं नीलवंत, लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालतं.

काका आमच्या कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याच्या शीसारख्या अळ्या आहेत. आई म्हणते औषध मारू. मी बरणीत ठेवू का? पाप लागेल का? – इयत्ता चौथी, डोंबिवली

ठेव की, काही पाप लागत नाही. आईला सांग औषध दोन आठवडे थांबव, झाडाला परत पानं येतात. मोठ्या तोंडाची बरणी घे, तोंडाला जुन्या ओढणीचं कापड रबरबँडनं बांध. दोनच अळ्या घे, बाकीच्या झाडावर राहू दे. रोज ताजं लिंबाचं पान दे, आणि ते धुऊन पुसून कोरडं करून दे, ओल्या पानांनी बुरशी येते. खालची शी रोज झाड. अळी काही दिवसांनी हिरवी होईल, तेव्हा तिला पाठीवर हळूच काडी लावून बघ, डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतील आणि घाण वास येईल, ती तिची शत्रूला पळवायची युक्ती आहे, एकदाच कर, सारखं करू नको, तिला त्रास होतो.

आत एक काडी तिरकी ठेव. एक दिवस अळी खायची थांबेल, काडीवर जाऊन कमरेला रेशमाचा दोरा बांधून गप्प बसेल. तेव्हा बरणी हलवायची नाही. कोष हिरवा होईल नाहीतर तपकिरी, काडीच्या रंगावर पण असतं, घाबरू नको. कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी निघते, तसं झालं तर मला लिही, ती पण छान गोष्ट आहे. आठ-दहा दिवसांनी कोष काळपट दिसायला लागला आणि आतून पंखावरचे पिवळे ठिपके दिसले की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ऊठ. ते बाहेर आल्यावर पंख चुरगळलेले असतात, हात लावू नको, तासा-दोन तासांत वाळतात. मग बरणी गॅलरीत ने आणि कापड काढ.

फोटो काढलास तर पाठव. मागे तारीख लिही, गावाचं नाव लिही, आणि अळी कोणत्या झाडावर होती ते पण.